पोलादाचे भाव : नियंत्रण गेले, हस्तक्षेप उरला

पोलादाची किंमत आणि वाटप यांवरील सरकारी नियंत्रण जानेवारी १९९२ मध्ये उठले, तेव्हा सरकारने भाव ठरवण्याचा काळ संपला असा समज झाला. त्यानंतरचा अनुभव मात्र निराळा आहे. सरकार आता भावाचे दरपत्रक काढत नाही. पण भाव कोणत्या मर्यादेत हलावा हे सीमाशुल्काच्या अधिसूचनांनी ठरवते.

जुनी पद्धत आदर्श होती, असे कोणी म्हणणार नाही. १९६४ साली स्थापन झालेली जॉइंट प्लँट कमिटी मोठ्या कारखान्यांच्या पोलादाचे भाव ठरवीत असे. भाडे-समानीकरणामुळे जमशेदपूरच्या परिसरात आणि मुंबईत पोलाद एकाच भावाने मिळे. त्याचा लाभ पश्चिम किनाऱ्यावरील कारखानदारीला झाला आणि खनिजसंपन्न बिहारला आपल्या भौगोलिक लाभावर पाणी सोडावे लागले. कोटा, परवाने आणि टंचाई यांच्या पाठोपाठ काळाबाजारही आला. तथापि त्या व्यवस्थेत भाव कोण ठरवतो, हे तरी उघड होते.

आता काय दिसते? मे २००८ मध्ये भाववाढ रोखण्यासाठी पोलादावर निर्यात शुल्क बसले आणि त्याच वर्षी ते मागेही घेतले गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्वस्त आयात अडवण्यासाठी १७३ प्रकारच्या पोलादाला किमान आयात किंमत ठरवण्यात आली. मे २०२२ मध्ये अनेक पोलादी मालांवर १५ टक्के निर्यात शुल्क एका रात्रीत लागू झाले आणि नोव्हेंबरात ते उठले. तयार पोलादाची निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख टन होती. ती पुढील वर्षी सुमारे ६७ लाख टनांवर आली. जागतिक मागणीतील मंदीही यास कारण होती, पण शुल्काचा वाटा नाकारता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दिशा पुन्हा पालटली आणि काही सपाट पोलादी मालांच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क आले.

भाव चढले की अंकुश, उतरले की टेकू, असा हा क्रम आहे. देशातील मोठे कारखाने आपला भाव सामान्यतः आयात माल बंदरात ज्या किमतीला पडतो, त्याकडे पाहून ठरवतात. आयातीवर शुल्क वाढले की देशी मालालाही भाव चढवण्यास वाव मिळतो. त्याची झळ भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या किंवा कोल्हापुरातील यंत्रे जोडणाऱ्या लहान उद्योजकाला बसते. मागणीदाराशी त्याने आधीच दर ठरवलेला असतो. कच्चा माल मध्येच महागला तर फरक त्याच्याच खिशातून जातो.

संरक्षक शुल्कापूर्वी चौकशी होते, हे मान्य. परंतु देशी उत्पादकाला हानी पोचली काय, हा तिचा मूळ प्रश्न असतो. मोठा कारखाना आपली बाजू वकील आणि आकडेवारी यांच्या बळावर मांडतो. विखुरलेल्या हजारो लहान ग्राहकांना ते जमत नाही. निर्यात शुल्क किंवा किमान आयात किंमत यांना तर अशा चौकशीचेही बंधन नाही.

परकीय उत्पादक जादा माल पडेल भावाने येथे ओतत असतील, तर सरकारने स्वस्थ बसावे असे नव्हे. संकटकाळी हस्तक्षेप करण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. पण अधिकाराबरोबर उत्तरदायित्वही यावे. प्रत्येक शुल्काची मुदत आधी जाहीर व्हावी, पोलाद वापरणाऱ्या लहान उद्योगांवर होणाऱ्या परिणामाचा हिशेब अधिसूचनेसोबतच प्रसिद्ध व्हावा, आणि आधी झालेल्या करारांना सवलतीचा काळ मिळावा. बाजार मुक्त म्हणायचा आणि त्याच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवायच्या, हे धोरण चालवायचेच असेल, तर किल्ली कधी आणि कोणासाठी फिरते, हे जनतेला कळलेच पाहिजे.