काकूंचा पेला

परवा ऑफिसात टीममध्ये नव्याने आलेल्या एकाने कौतुकाने विचारलं, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं?" मी नेहमीसारखी हसले. काय सांगणार! घर वसईचं, शाळा धरणगावची. मराठी नाही तर काय पोर्तुगीज बोलू?

बाबांची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही धरणगावला होतो. मिस्सेला महिन्यातून एकदा भुसावळला जायचो. जळगाव सुटलं की भादली यायचं, आणि बाबा दरवेळी खिडकीतून दाखवायचे, "इथे बालकवी गेले." आमच्याच धरणगावात १८९० मध्ये जन्मलेले ठोमरे ५ मे १९१८ ला तिथे गाडीखाली सापडले. त्यांना नगरला पोटच्या पोरासारखं घरात ठेवून घेणारी बाई ख्रिस्ती होती, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. (लक्ष्मीबाई टिळक प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक. पण गावाला तो फरक कुठे माहीत!)

'स्मृतिचित्रे' मी वाचलं ते नोकरी लागल्यावर. लोक त्यातल्या विनोदाचं कौतुक करतात, मी अडकले ते सोवळ्यापाशी. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. नवऱ्याकडे परत आल्यावरही काही काळ त्यांचं स्वयंपाकपाणी वेगळंच होतं. आधी जातपात माणसाने केली हे मनाला पटलं, विटाळ सुटला, आणि ख्रिस्त नंतर आला. मला हा क्रम फार खरा वाटतो. श्रद्धा एका रात्रीत बदलते असं सांगणाऱ्यांनी कधी स्वयंपाकघर सांभाळलेलं नसावं.

आमच्या शेजारच्या काकू फार मायाळू. "माय वं, तू ते आमनामायकच बोलस!" म्हणून गालावरून हात फिरवायच्या. पण मला पाणी द्यायचा स्टीलचा पेला फडताळात वेगळा असायचा. आईला माहीत होतं. "तिचं तिच्यापाशी" म्हणून ती रोझरीला बसायची. मला तेव्हाही हे पटलं नाही, आजही नाही. सोसणं आणि क्षमा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी आपण फार उड्या मारू नयेत. वसईत माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा मावशीचा पहिला प्रश्न, "मुलगा आपल्यातला ना? की दुसऱ्या समाजातला?" सामवेदी, वाडवळ, कोळी... वेदीपुढे एका रांगेत कम्युनियन घेणारे आम्ही, सोयरीक म्हटली की लगेच वेगळे. याबद्दल कन्फेशनमध्ये कुणी बोलत असेल असं वाटत नाही. २०२० मध्ये फादर दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांना विरोध झाला म्हणून आम्ही सगळे चिडलो होतो. चिडायलाच हवं होतं. पण मावशीवर कोण चिडणार?

असो. बाबांना हार्ट अटॅक आला त्या रात्री आई जळगावला दवाखान्यात होती. काकू आमच्या घरी झोपायला आल्या. मध्यरात्री उठून आमच्याच माठातलं पाणी प्यायल्या, मलाही पाजलं, त्याच तांब्याने. बाबा बरे होऊन आले. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले, पाणी मागितलं. काकूंनी फडताळ उघडलं आणि तोच पेला काढला.