दोन टक्क्यांचे पुण्य आणि गावाचा हिशेब

शेगाव सोडून गाडी अकोल्याकडे निघाली की नागझरी मागे पडते आणि थोड्याच वेळात पारसच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात. केंद्र महानिर्मितीचे, प्रत्येकी 250 मेगावॅटचे दोन संच, तालुका बाळापूर, जिल्हा अकोला. बुलढाण्याची हद्द अलीकडेच संपलेली असते. वीजनिर्मिती कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा, म्हणजे बोलीतला ‘सीएसआर’, बहुतेक वेळा प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत खर्च होतो. शाळेची खोली, पाण्याची टाकी, आरोग्य शिबिर, मुलींना सायकली. मोठे वीज केंद्र नसलेल्या बुलढाणा जिल्ह्याने मग काय करायचे? वाट पाहायची, हात पसरायचे की हा सगळा प्रकारच ढोंग म्हणून सोडून द्यायचा? या प्रश्नावर तीन मते हमखास ऐकू येतात. तिन्ही अर्धवट आहेत, आणि तिन्हींची एकेक करून झाडाझडती घेण्यासारखी आहे.

त्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कंपनी कायदा 2013 चे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. 2021 च्या सुधारणेनंतर न वापरलेला पैसा गुपचूप तिजोरीत ठेवता येत नाही. चालू प्रकल्पाचा असेल तर तो वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, नसेल तर कायद्याने नेमून दिलेल्या निधीत भरावा लागतो, आणि कुचराई केली तर दंड आहे. म्हणजे ज्याला आपण ‘कंपनीचे दान’ म्हणतो, त्यातला बराच भाग कायद्याने खर्च करायला लावलेला पैसा असतो.

आता पहिले मत. ‘पैसा कंपनीचा, मर्जी कंपनीची. देते आहे ते घ्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्या आणि गप्प बसा.’ हे मत गावच्या उद्घाटन समारंभांत व्यासपीठावरूनच मांडले जाते, आणि कुणी आडवे बोलले तर तो कृतघ्न ठरतो.

हे मत टिकत नाही, कारण वीज कंपनी ही चारचौघांसारखी व्यापारी नाही. चिखलीतल्या किंवा मेहकरातल्या घराला विजेसाठी महावितरणशिवाय दुसरे दार नाही. विजेचा दर बाजार ठरवत नाही, राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. महिन्याचे बिल हातात घेऊन त्यातल्या ओळी वाचाव्यात: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर 16 टक्के वीज शुल्क. सरकारकडे जाणारे वीज शुल्क सोडले, तर या ओळींमधून गोळा झालेल्या पैशावरच वीज धंद्यातल्या प्रत्येक कंपनीचा, निर्मितीची असो, पारेषणाची असो वा वितरणाची, खर्च भागतो आणि नफा निघतो. ज्या ग्राहकाला दुकान बदलण्याची सोयच नाही, त्याच्या पैशातून उरलेल्या नफ्याचे दोन टक्के त्याच्या गावात आले, तर त्यात उपकार मानण्यासारखे फारसे काही नाही.

शिवाय कंपनीने गावाला काही देण्याआधी गावाने कंपनीला दिलेले असते. वाहिनीचे मनोरे उभारण्यासाठी 1885 च्या तार कायद्याचे अधिकार आजही वापरले जातात, आणि वीज कायदा 2003 चे कलम 164 तशी मुभा देते. शेतकऱ्याची संमती आधी घेण्याची गरज नाही, मोबदल्याची भाषा नंतर सुरू होते. याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. 1921 मध्ये टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पुढे उभे राहिले, आणि 1924 पर्यंत झुंज चालली. धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या, वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांनंतरही वीज धंद्यातला मूळ प्रश्न तोच आहे: जागा एकाची, उजेड दुसऱ्याचा.

दान कशाला म्हणतात हे बुलढाणा जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान भाविकांनी आपखुशीने दिलेल्या पैशावर चालते. त्या पैशातून दवाखाने चालतात, 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे, आणि सेवाधारी आळीपाळीने येऊन राबतात. देणाऱ्याला न देण्याची मोकळीक होती, म्हणून ते दान. वीज बिल न भरण्याची मोकळीक कुणाला आहे? लाइनमन दुसऱ्या दिवशी खांबावर चढलेला असतो.

या मताचा आणखी एक धोका आहे. कर्तव्य आणि देणगी यांची सरमिसळ झाली की कर्तव्य मागे पडते. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. अशा वेळी नुकसानभरपाई, सफाई आणि बंधाऱ्याची डागडुजी ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी असते. त्यावरचा खर्च सामाजिक दायित्वाच्या खात्यात टाकता येत नाही, कारण 2021 च्या सुधारित नियमांनुसार इतर कुठल्याही कायद्याने बंधनकारक असलेले काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. हेच बुलढाण्याच्या शेतकऱ्यालाही लागू आहे. जळालेले रोहित्र, म्हणजे शिवारातली ‘डीपी’, ठरल्या मुदतीत बदलून देणे ही वीज कायद्याच्या कलम 57 खालच्या सेवामानकांची बाब आहे, आणि त्यात कसूर झाली तर ग्राहकाला भरपाई मागता येते. तरीही डीपी आणायला ट्रॅक्टर शेतकऱ्यांचा, डिझेल शेतकऱ्यांचे आणि वर वर्गणीही शेतकऱ्यांची, हे चित्र राज्यभरातल्या शिवारांना नवे नाही. हक्काची डीपी वर्गणीने आणायची आणि शाळेला मिळालेल्या दप्तरांसाठी टाळ्या वाजवायच्या, हा हिशेब उलटा आहे.

दुसरे मत याच्या नेमके उलटे. ‘सीएसआर म्हणजे फोटोसाठी केलेला देखावा. बंद करा आणि त्या पैशात वीज स्वस्त करा.’

ऐकायला हे रोखठोक वाटते, पण आकडेमोडीत कोसळते. समजा एखाद्या कंपनीला शंभर रुपयांच्या बिलामागे आठ रुपये नफा होतो. त्याचे दोन टक्के म्हणजे सोळा पैसे. एवढ्या रकमेने कुणाचेही बिल हलके होणार नाही. मात्र हेच सोळा पैसे लाखो बिलांतून एका ठिकाणी आले तर त्यातून एखाद्या तालुक्याचे काम उभे राहू शकते. विखरून जे दिसतही नाही ते एकवटल्यावर उपयोगी पडते, आणि सामाजिक निधीची सगळी मातब्बरी एवढ्यातच आहे.

सगळाच देखावा असतो असेही नाही. एनटीपीसीने 2018 मध्ये सुरू केलेल्या बालिका सक्षमीकरण अभियानात प्रकल्पाच्या आसपासच्या गावांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलींना उन्हाळ्यात सुमारे महिनाभराच्या निवासी शिबिराला बोलावले जाते. विदर्भात मौद्याला अशी शिबिरे झाली आहेत. महिनाभराने आयुष्य पालटत नाही हे खरे, पण पाटी लावून निघून जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

तरीही या मतात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारून चालणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा घ्या. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांत भूजल खारे आहे आणि मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे गांजली आहेत. अशा गावाला देणगी देऊ पाहणाऱ्याच्या मनात पहिली वस्तू येते ती आरओ प्लांट. निळी खोली, स्टीलचे नळ, नाणे टाकायची खाच, वर कंपनीच्या नावाची पाटी. पण खारे पाणी गाळणारी मेंब्रेन लवकर चोंदते, ती बदलायला पैसे लागतात, मोटरचे बिल दरमहा येते, आणि गाळून उरलेले अतिखारे पाणी कुठे सोडायचे हे कुणी ठरवलेले नसते. ग्रामपंचायतीकडे या तीन गोष्टींची तरतूद नसेल तर प्लांट बंद पडायला दोन-तीन उन्हाळे पुरतात. बिल थकले म्हणून वीज तोडली गेली तर देणगीच्या पाटीखालीच अंधार. उलट वान धरणावरच्या 140 गावांच्या पाणीपुरवठा योजनेसारख्या कामात गोडे पाणी लांबून आणले जाते. ते खर्चिक आणि किचकट असते, फोटोत मावत नाही, पण रोगाच्या मुळाशी जाते. देखाव्याचा आक्षेप घ्यायचा तर तो निधीवर न घेता, पाच वर्षांच्या देखभालीचा विचार न करता वस्तू वाटण्याच्या रीतीवर घ्यावा.

तिसरे मत हताशेचे आहे. ‘इथे नफ्यातली वीज कंपनीच नाही, मग मागायचे कुणाकडे?’ 2005 साली राज्य वीज मंडळाची फोड होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. त्यांपैकी बुलढाण्याच्या दारात येणारी कंपनी महावितरण, आणि तिच्या डोक्यावर कृषिपंपांच्या थकबाकीचा डोंगर. नफा नसेल तर दोन टक्के कशाचे? आणि ‘स्थानिक क्षेत्राला प्राधान्य’ हे कायद्यातले वाक्य तर प्रकल्प नसलेल्या जिल्ह्याला बाहेरच ठेवते.

यातले शेवटचे वाक्य चुकीचे आहे. स्थानिक प्राधान्य ही सक्ती नसून दिशादर्शक तरतूद आहे, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेच केला आहे. बाहेरची मदत कशी आणायची हे बुलढाण्याने करूनही दाखवले आहे. 2018 मध्ये जिल्हा प्रशासन आणि भारतीय जैन संघटना यांनी मिळून ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ हाती घेतले. संघटनेने शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन यंत्रे दिली, इंधनाचा खर्च सरकारने उचलला, आणि तलावातला गाळ शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरने आपल्या शेतात नेऊन टाकला. पुढे महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून काढून साठवण वाढवण्याची रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने नीती आयोगापर्यंत पोहोचली. यात कुणीच फुकट घेतले नाही आणि कुणीच एकट्याने दिले नाही. तलाव किती खोल झाला हे टेपने मोजता येते, गाळ किती ट्रॉल्या गेला हे वहीत असते. कुठल्याही वीज कंपनीपुढे ठेवावा असा हा नमुना आपल्याच जिल्ह्यात तयार आहे.

तिन्ही मतांचे खंडन झाले. मग मांडायचे काय? एवढेच की गावाने देणगीऐवजी वाटा मागावा.

त्याची सुरुवात झालेलीच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 ही 2023 पासून राज्यात आली. शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचे, खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान 1 लाख 25 हजार रुपये भाडे द्यायचे, आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ करायची. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तिला लोकोपयोगी कामांसाठी वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान. रात्री बॅटरी घेऊन पाण्याच्या पाळीला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची वीज हेच सर्वांत मोठे सामाजिक काम आहे, आणि जमिनीचे भाडे हा उघड व्यवहार आहे. कुणी कुणाचे मिंधे नाही.

उणीव आहे ती मुदतीची. अशा प्रकल्पाचा वीज खरेदी करार 25 वर्षांचा असतो, ग्रामपंचायतीचे अनुदान तीन वर्षांत संपते. उरलेली बावीस वर्षे गावाच्या शिवारात वीज तयार होत राहील आणि गावाच्या खात्यात त्यातले काही येणार नाही. स्कॉटलंडमध्ये पवनऊर्जा प्रकल्पांसाठी सरकारने सुचवलेला दंडक असा, की प्रत्येक मेगावॅटमागे वर्षाला 5000 पौंड स्थानिक समाजाला द्यावेत, तेही प्रकल्पाच्या पूर्ण आयुष्यभर. तो ऐच्छिक असला तरी तिथे रूढ झाला आहे. महाराष्ट्राने पौंडांचा आकडा उचलण्याची गरज नाही, तत्त्व उचलावे: प्रकल्प जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे गावाचा वाटा, मेगावॅटच्या प्रमाणात, थेट ग्रामनिधीत. तो मिळाला तर आरओची मेंब्रेन बदलायला किंवा शाळेचे छप्पर शाकारायला कुणाच्या पाटीची गरज उरणार नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. ज्या गावात सौर प्रकल्प उभा आहे किंवा येऊ घातला आहे, तिथल्या गावकऱ्यांनी येत्या सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. अनुदानाचे 5 लाख आले का आणि कशावर खर्च झाले? कंपनीने किंवा संस्थेने दिलेल्या वस्तूच्या देखभालीचा लेखी करार कुठे आहे? आणि तीन वर्षांनंतरच्या वाट्यासाठी सरकारकडे ठराव कधी पाठवायचा? उत्तरे तोंडी घेऊ नयेत. इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि खाली सही झाल्याशिवाय सभा उठू देऊ नये.