प्रक्रियेनंतरच्या प्रवासात पाण्याचे काय होते?

शहरी सांडपाण्याच्या पुनर्वापराची चर्चा बहुधा प्रक्रिया केंद्राच्या फाटकापाशीच थांबते. केंद्राची क्षमता किती, खर्च किती, उद्घाटन केव्हा, एवढ्यावर समाधान मानले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यापैकी केवळ २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती. ही तूट चिंताजनक आहेच. मात्र जे पाणी शुद्ध होते, ते वापरणाऱ्याच्या दारी पोहोचेपर्यंत तसेच राहते का, या प्रश्नाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नाही. औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असल्यास तेथील पाणी वापरणे २०१६ च्या वीजदर धोरणाने बंधनकारक केले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० अभियानात शहरांच्या एकूण मागणीपैकी २० टक्के आणि औद्योगिक मागणीपैकी ४० टक्के पाणी पुनर्वापरातून मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. नागपूरचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा करार २००८ मध्येच झाला होता. सुरतमध्ये २०१४ पासून पांडेसराच्या कापड प्रक्रिया उद्योगांना, तर चेन्नईत २०१९ पासून शहराबाहेरील औद्योगिक वसाहतींना असे पाणी पुरवले जाऊ लागले. यांतील प्रत्येक योजनेचा अर्थ एकच, पाण्याला दूरवर नळातून न्यायचे.

नळ म्हणजे निर्जीव पोकळी नव्हे. दुय्यम प्रक्रियेनंतरही पाण्यात थोडे सेंद्रिय द्रव्य, अमोनिया, फॉस्फेट आणि सल्फेट शिल्लक राहतात. जिवाणूंना एवढी शिदोरी पुरते. ते नळाच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतात आणि त्या थराच्या आश्रयाने जंतुनाशकालाही दाद देत नाहीत. पाणी साचून राहिले व त्यातील प्राणवायू संपला, की सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच. पुढे त्यापासून आम्ल बनून काँक्रीट आणि लोखंड खाल्ले जाते, ते वेगळेच.

यावर क्लोरीन हा उपाय सर्वांच्या तोंडी असतो. परंतु त्याचे गणित वाटते तितके सोपे नाही. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग पावतो. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवण्यासाठी सिद्धांतानुसार सुमारे ७.६ मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो, व्यवहारात त्याहून अधिक. म्हणून प्रक्रिया केंद्रातच अमोनिया काढून टाकणे हा खरा उपाय ठरतो. कित्येकदा लांबच्या वाहिन्यांसाठी क्लोरामीन मुद्दाम राखले जाते, कारण ते सावकाश क्षीण होते. परंतु विशिष्ट जिवाणू त्यातूनही अमोनिया मोकळा करून त्यावर पोसले जातात. अशा वेळी मात्रा वाढवत जाण्याने हाती फारसे लागत नाही. नळ धुणे, पाण्याचा मुक्काम कमी करणे आणि मार्गात पुन्हा क्लोरीन देणे यांचाच आधार घ्यावा लागतो.

पाण्याचा हा मुक्काम हे दुखण्याचे मूळ आहे. वाहिन्यांची आखणी बहुधा तीस वर्षांनंतरची मागणी गृहीत धरून होते. सुरुवातीला ग्राहक थोडे असतात. रुंद नळातून पाणी संथ सरकते, गाळ बसतो. मोजकेच तास पुरवठा करण्याची आपली जुनी सवय त्यात भर घालते. योजनेचा आराखडा मंजूर करताना पहिल्या पाच वर्षांत पाणी नळात किती तास राहील, असा साधा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

अतिशुद्ध पाणीही निर्धोक नसते. रिव्हर्स ऑस्मोसिसमधून आलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. असे पाणी सिमेंटच्या अस्तरातील चुना आणि लोखंड विरघळवू लागते. त्यात थोडी क्षारता परत मिसळावी लागते. उलट वीज केंद्रात आलेल्या पाण्यात अमोनिया राहिला, तर तांबेमिश्रित संघनक नळ्यांना धोका असतो आणि फॉस्फेटचे कवच शीतकरण यंत्रणेवर चढते.

चंदीगडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे उद्यानांसाठी आणि मोठ्या भूखंडांवरील घरांच्या हिरवळीसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याची स्वतंत्र वाहिनी आहे. मात्र दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. ज्याच्या अंगणात वास सुटतो तो माणूस पिण्याचेच पाणी बागेला घालतो, मग महापालिकेला उन्हाळ्यात त्यावर दंड लावावा लागतो. नळातील दोष अखेर पिण्याच्या पाण्याच्या नासाडीत परिणत होतो, तो असा.

याहून गंभीर धोका चुकीच्या जोडणीचा. नेदरलँड्समधील उट्रेख्टजवळच्या लाइडशे राइन या वसाहतीत २००१ मध्ये घरगुती वापराचे अर्धप्रक्रिया केलेले पाणी पिण्याच्या वाहिनीत शिरले आणि रहिवासी आजारी पडले. ते पाणी सांडपाण्याचेही नव्हते. तरीही तेथील सरकारने पुढे मोठ्या प्रमाणावरील अशा दुहेरी योजना थांबवल्या. पुनर्वापराच्या नळांना जांभळा रंग देणे आणि पिण्याच्या वाहिनीपेक्षा त्यांत दाब कमी ठेवणे, ही खबरदारी त्यासाठीच सांगितली जाते. आपल्याकडे मात्र पिण्याच्या वाहिन्याच तासन्तास रिकाम्या राहतात, तेव्हा दाबाचा हा नियम कागदावरच उरतो.

कारभाराच्या दृष्टीने मुख्य अडचण जबाबदारीची आहे. केंद्र चालवणारा ठेकेदार केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल देतो. वाहिनी दुसऱ्या यंत्रणेकडे, ग्राहक तिसरीकडे. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी वापरासाठी किमान १ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावा असे म्हटले आहे. तेवढा क्लोरीन केंद्राच्या टाकीपाशी असणे आणि शेवटच्या मीटरपाशी असणे, यांत अनेक किलोमीटरचे अंतर आहे. करारात देयक शेवटच्या टोकावरील नमुन्याशी बांधले गेले, तर वाहिनीची निगा राखण्यात कोणाला तरी स्वारस्य निर्माण होईल. राज्यांची पुनर्वापर धोरणे आणि केंद्राची मार्गदर्शक चौकट आता उपलब्ध आहेत; नव्या निविदांत नमुना कोठे घ्यायचा हे कलम कसे लिहिले जाते, त्यावर उद्योगांचा या पाण्यावरील विश्वास अवलंबून राहील.