लाकडाला लाकूडच हवे काय?

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे अद्याप मूठभरांचाच आहे. तथापि पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशींचे लघु रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या छंदाची मोहिनी वेगळी सांगायला नको. तयार संच विकत न आणता स्टेशन, सिग्नल केबिन, मालाची गोदामे स्वतः मोजून-कापून उभी करणारा या छंदात एक पंथ आहे आणि त्या पंथात एक जुना वाद आहे : इमारत लाकडाची करावी की प्लास्टिकची?

लाकूडवाल्यांचे म्हणणे असे की, लाकडी केबिनला लाकूडच हवे. प्लास्टिक म्हणजे निव्वळ बेगड. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण जरा हिशेब करून पाहा. या छंदात एच. ओ. हे प्रमाण फार प्रचलित आहे. ते १:८७ असते. त्या प्रमाणात लाकडावरची अर्ध्या मिलिमीटरची रेषा म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंचांची भेग! अशी फळी कोणता सुतार भिंतीला लावील? इमारत लहान झाली, पण लाकडाच्या रेषा काही तिच्याबरोबर लहान झाल्या नाहीत. अस्सल लाकूडच येथे खोटे बोलू लागते.

पॉलिस्टायरीनच्या शीटला स्वतःच्या रेषा नसतात. हव्या तितक्या बारीक ओरखड्यांनी तीवर फळ्या आखता येतात. सांध्यावर द्रावकाचा थेंब सोडला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. पावसाळ्यात ती फुगत नाही. उलट पातळ लाकडाला एकाच बाजूने फेव्हिकॉल लावला, तर ते वाकल्याशिवाय राहत नाही.

प्लास्टिकमध्ये दोष नाहीत असे नाही. लाकूड रंग पिते. प्लास्टिकवर तो नुसता बसतो. द्रावकाची वाफ बाधते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. शिवाय उरलेले तुकडे कुजत नाहीत. ही शेवटची हरकत मला सर्वांत वजनदार वाटते आणि तिच्यासाठी प्रत्येक तुकडा जपून वापरलाच पाहिजे. पण ती हरकत पर्यावरणाची आहे, अस्सलपणाची नव्हे. या दोहोंची गल्लत होऊ नये.

इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये पेंडन नावाचे संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड यांनी ते उभारले. तेथील १:७६ प्रमाणातली दगडविटांची घरे चक्क पुठ्ठ्याची आहेत! त्यांत ना दगड, ना वीट. तरी ती खरी वाटतात, कारण करणाऱ्यांनी मूळ घरे बारकाईने न्याहाळली होती.

तेव्हा माझे मत सरळ आहे. प्रमाण मोठे असेल तर लाकूड खुशाल वापरावे. लहान असेल तर लाकडी भिंतीसाठीही प्लास्टिकच घ्यावे. मूळ वस्तू कशाची आहे, एवढे पाहून भागत नाही. त्या प्रमाणात डोळ्याला काय दिसायला हवे, हे आधी ठरवावे. रंगभूमीवरच्या राजाचा मुकुट सोन्याचा नसतो, हे आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी नव्याने सांगायला हवे काय?