विषाणू : उगम एक की अनेक?

जीव आणि अजीव या भेदापासून जैन तत्त्वविचाराचा आरंभ होतो. विषाणू मात्र नेमका या सीमेवर उभा दिसतो. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांना रोग जडविणारा विषाणू स्फटिकरूपात मिळविला. स्फटिक निश्चल होता. पण त्याचे द्रावण पानाला चोळताच रोग पुन्हा प्रकटला.

विषाणूंच्या उगमाविषयी विज्ञानात तीन प्रमुख मते आहेत. पहिले, ते पेशींच्याही आधीच्या, स्वतःची प्रतिकृती घडविणाऱ्या रेणूंचे वंशज होत. दुसरे, ती पेशीतून निसटलेली जनुके होत. तिसरे, त्या मूळच्या स्वतंत्र पेशीच. परावलंबनामुळे एकेक क्षमता गमावून बसलेल्या.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात १९९२ मध्ये सापडलेला एक सूक्ष्मजीव जिवाणू मानला गेला. २००३ मध्ये तो महाकाय विषाणू ठरला. ‘मिमिव्हायरस’ नावाच्या या विषाणूत नऊशेहून अधिक जनुके आढळल्याने तिसऱ्या मताला बळ मिळाले. उलट, एड्सच्या विषाणूत जनुके अवघी नऊ. पेशीतील स्थानांतर करणाऱ्या जनुकांशी त्याचे साम्य दुसऱ्या मताकडे नेते. सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही. त्यामुळे त्यांचे उगमही अनेक असावेत, असे पुष्कळ संशोधक मानतात.

मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंचा वारसा आहे. गर्भाला पोसणारी वार घडविणारे ‘सिन्सिटिन’ हे प्रथिनही त्यातलेच. रोगाच्या दृष्टीने जो वैरी, तोच जन्माच्या दृष्टीने उपकारक. अनेकान्त म्हणजे निर्णय टाळणे नव्हे; कोणते मत कोठवर खरे, हे पुराव्याने पारखणे होय.