बोटीच्या बाकाखाली काय आहे, ते जूनआधी पाहा

पुरात बोट किती माणसे नेते, हे आपण विचारतो. ती पाण्याने भरली तर किती जणांना तरंगत ठेवील, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. डॉक्टर म्हणून मला हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटतो, कारण त्याचे उत्तर चुकले तर पुढे रुग्णालयाच्या हातात फार थोडे उरते.

विट्यासारख्या दुष्काळी गावात बसून बोटींवर काय लिहायचे, असे कुणाला वाटेल. पण आपल्या तालुक्यातून जाणारी येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि पलूस, मिरज, वाळवा या तालुक्यांत आपल्यापैकी अनेकांची सोयरीक आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचा जीव गेला. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्याची चर्चा तेव्हा खूप झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत बोटी आल्या. आता प्रश्न त्या बोटींच्या तब्येतीचा आहे. वर्षातले अकरा महिने त्या शेडमध्ये, झाडाखाली किंवा शाळेच्या मागे उपड्या पडून असतात.

बुडणाऱ्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. श्वास कोंडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. पुराच्या पाण्यातून रुग्णालयापर्यंतचा रस्ता एवढ्या वेळात संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. यावर खरा इलाज पाण्यात पडण्याआधीचाच आहे, आणि त्यातला एक भाग वेल्डिंगच्या दुकानात होतो.

बाक म्हणजे नुसती बसायची जागा नव्हे

ॲल्युमिनियम हलके वाटते, पण ते पाण्याच्या २.७ पट जड आहे. रिकामी बोट तरंगते ती तिच्या आतल्या हवेमुळे. पाणी आत भरले की तो धातू तळाला जाणार. म्हणून अशा लहान बोटींत दोन-तीन आडवे बाक असतात आणि त्यांच्या खालच्या बंद पेट्यांत फोम भरलेला असतो. बोट काठोकाठ भरली तरी हा फोम तिला वर धरतो. हेच बाक दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांना बांधूनही ठेवतात. जास्त माणसे उभी करता यावीत म्हणून बाक कापून टाकणे हा मला सर्वांत घातक बदल वाटतो. त्यात बोटीचा कणा जातो, तिला तरंगवणारा आधारही जातो आणि उभ्या माणसांमुळे ती लवकर कलंडते.

बोट जुनी झाली की बिघाड आतून होतो. रिव्हेट ढिले होतात, सांधा फाटतो, पेटीत पाणी आणि गाळ शिरतो. फोम ते पाणी वर्षानुवर्षे धरून ठेवतो. बाहेरून बाक ठणठणीत दिसतो, पण आत ओला स्पंज असतो. आमच्याकडे पायावर सूज यावी आणि बिघाड हृदयात असावा, तसे हे. बोट पूर्वीपेक्षा जड वाटणे, बाकाच्या पेटीतून दिवसभर पाणी झिरपणे, ठोकल्यावर भद्द आवाज येणे ही त्याची लक्षणे आहेत. खात्री करायची तर पेटी उघडून फोमचा एक तुकडा कापावा आणि पिळून पाहावा.

साधे गणित

समजा, बोटीचे ॲल्युमिनियमचे अंग १२० किलोचे आहे. पाण्यात बुडाल्यावर त्याचे वजन सुमारे ७५ किलो भरते. इंजिन ४० किलोचे. बोटीला धरून पाण्यात असलेल्या माणसाला डोके वर ठेवण्यासाठी साधारण ७ किलोचा आधार पुरतो. आठ माणसांचे ५६ किलो. एकूण १७१ किलो. आता प्रत्येकी चार फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असे तीन बाक धरले, तर फोम १२ घनफूट होतो. कोरडा, चांगला फोम एका घनफुटाला सुमारे २७ किलो उचलतो, म्हणजे एकूण ३२४ किलो. भरपूर झाले. पण निम्म्या फोममध्ये पाणी मुरले असेल तर हाती उरतात १६२ किलो. बोट बुडते आणि तिला धरलेली माणसे उघड्यावर पडतात.

या गणितात माणसे बोटीला धरून आहेत, तिच्यावर चढलेली नाहीत. म्हणून बोट भरली किंवा उलटली तर तिला सोडू नये आणि तिच्यावर चढूही नये, हे मुलांनासुद्धा शिकवावे.

दुरुस्ती करताना

रिव्हेट ड्रिलने काढून बाकाचा वरचा पत्रा उघडावा आणि भिजलेला फोम पूर्ण काढावा. आत फोम असताना जवळपास वेल्डिंग करू नये, तो पेट घेतो. काढलेला फोम जाळूही नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा विषारी वायू असू शकतो. पेटीच्या तळाशी पाणी निघून जाईल असे भोक ठेवावे. नव्या फोमसाठी पॅकिंगचा दाणेदार थर्माकोल वापरू नये, दाण्यांच्या मधे पाणी शिरते. बंद छिद्रांचा घट्ट फोम घ्यावा. थर्माकोलच्या जातीचा कुठलाही फोम पेट्रोलमध्ये विरघळतो, तेव्हा इंजिनाच्या बाजूला तो नको.

वर प्लायवूड लावायचे असेल तर मरीन प्रतीचे लावावे. मात्र ते टिकावे म्हणून त्यात तांब्याचे क्षार मुरवलेले असू शकतात आणि ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खातात. सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचा हात द्यावा आणि मधे रबराची पट्टी घालावी. लोखंडी स्क्रूही तसेच घात करतात.

दोन द्रव मिसळून फुगणारा पॉलियुरेथेन फोम ओतायचा असेल, तर कारागिराच्या फुफ्फुसांचा विचार आधी करा. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने वैर धरले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही धाप लागते. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि वाफ अडवणारा मास्क लावूनच करावे. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काही कामाचा नाही.

फोम कुठे आहे हेही महत्त्वाचे. सगळा तळाशी भरला तर पाणी भरलेली बोट उलटी होते, कारण फोम वर यायला बघतो. तो बाकांखाली, दोन्ही कडांजवळ, शक्य तितका वर हवा. पाणी भरल्यावरही बोट सरळ राहावी, असा नियम अमेरिकेत वीस फुटांखालच्या, बाहेरून इंजिन (आउटबोर्ड) लावायच्या बहुतेक बोटींसाठी गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून आहे.

वर्षातून एक दिवस

माझे म्हणणे एवढेच आहे. आम्ही रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, हे रुग्ण येण्याआधी पाहतो. गावाने बोटीचेही तसेच पाहावे. मे महिन्यात एक दिवस इंजिन उतरवून, रिकामी बोट कमरेएवढ्या शांत पाण्यात दोराने बांधून मुद्दाम पाण्याने भरावी. ती सरळ तरंगते का, इंजिन आणि माणसांच्या हिशेबाने वाळूची पोती ठेवल्यावरही तरंगते का, हे ग्रामस्थांसमोर पाहावे. निकाल तारखेसह ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहावा आणि किती माणसे बसवायची तो आकडा बोटीवर ठळक रंगवावा. फोम चांगला आहे म्हणून चार माणसे जास्त घेण्याची मुभा मिळत नाही, आणि लाइफ जॅकेटची जागाही फोम घेत नाही.

नव्या बोटीला नारळ फुटतो, फोटो निघतो. जुन्या बोटीचा फोम बदलल्याचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्या कामाला पैसे मिळत नाहीत. ग्रामसभेत बोटीचा विषय निघेल तेव्हा नव्या बोटीची मागणी करण्याआधी कुणीतरी उठून विचारावे, की आहे त्या बोटीचा बाक शेवटचा कधी उघडला होता?