लाल रेघ बंद करू नका

अंकासाठी लेख मागवताना आपलं संपादक मंडळ हल्ली एक सूचना जोडतं: मराठी टाइप करताना स्पेलचेक बंद ठेवा, नाहीतर सगळं लाल दिसतं. या सूचनेला माझा विरोध आहे. लेखकाचा त्रास वाचतो हे खरं, पण चुका शोधण्याचं सगळं ओझं मुद्रितं तपासणाऱ्या दोघातिघांवर पडतं. आणि रेघ मुळात का उमटली, हे कुणी बघतच नाही.

लाल रेघांच्या तक्रारी अलीकडे वाढल्या, त्याला कारण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत नसते. भारतातल्या आपल्या आईवडील-काकामामांची यंत्रं बहुधा अशीच, आणि अंकातले निम्मे चांगले लेख तिथूनच येतात. माझे काका आकुर्डीला असतात, टूलरूममधून निवृत्त झालेले. विंडोज ११ चालत नाही म्हणून त्यांच्या लॅपटॉपवर भाच्याने उबुंटू टाकून दिलं, वर्डच्या जागी लिबरऑफिस आलं. दुसऱ्याच दिवशी फोन.

"अरे, अख्खा लेख लाल झालाय. मला मराठी येत नाही म्हणतोय का हा?"

"काका, खिडकीच्या तळाशी पट्टी आहे ना, तिथे कुठली भाषा लिहिलीय?"

"हिंदी."

एवढंच होतं. लिबरऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात टाकतं, आणि त्या गटाची भाषा त्यांच्याकडे हिंदी ठरलेली होती. पर्यायांमध्ये भाषांच्या पानावर जाऊन तिथे मराठी निवडलं, आधी टाइप केलेला मजकूरही निवडून मराठी केला. रेघा गेल्या. काका खूश!

मी नव्हतो. त्यांना म्हटलं, आता 'कखगघ' लिहा. त्याखालीही रेघ आली नाही. म्हणजे मराठीचा कोश यंत्रात नव्हताच, आणि ज्या भाषेचा कोश नाही तिच्यातल्या चुकांबद्दल हा प्रोग्रॅम गप्प बसतो. नवख्या माणसाला ही शांतता सगळ्यात जास्त फसवते. लाल पानावर निदान शंका तरी येते, स्वच्छ पान माणूस डोळे मिटून पाठवून देतो. कोश वेगळा बसवून प्रोग्रॅम पुन्हा उघडल्यावर 'कखगघ' लाल झालं, तेव्हा कुठे काम सुरू झालं असं मी धरलं.

त्यानंतरही बरोबर शब्दांखाली रेघा उरतातच, आणि सूचनेचे समर्थक नेमकं याच ठिकाणी बोट ठेवतात. पण दोष मराठीचा नाही आणि लेखकाचाही नाही. आकुर्डीला, आकुर्डीतल्या, आकुर्डीहून, आकुर्डीकरांनासुद्धा: एका नावाची इतकी रूपं नुसत्या शब्दयादीत मावत नाहीत. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स वापरतात ती 'हन्स्पेल' प्रणाली लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी उभी केली. तिथेही प्रत्यय नामाला चिकटतात, म्हणून तिच्यात शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी अशी सोय आहे. 'मूल'चं 'मुलाला' होताना ऊ ऱ्हस्व होतो, 'परीक्षा'चं 'परीक्षेत' होताना ई दीर्घच राहते. साहित्य महामंडळाच्या नियमांत (१९६२ चे १४, १९७२ चे आणखी ४) हे सगळं आहे. तेच त्या दुसऱ्या फाइलीत उतरावं लागतं, आणि जितकं उतरलं तितकाच स्पेलचेक शहाणा.

काही रेघा त्याहून चमत्कारिक. 'दुसऱ्या'मधला ऱ्य काही कीबोर्ड स्वतंत्र ऱ वापरून लिहितात, तर काही साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. छापल्यावर फरक शून्य, पण कोशाला ते दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तसंच. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतून रूपांतर करून आणलेल्या लेखांत हे हटकून सापडतं. शोधा-बदला वापरून एकदाच दुरुस्त करता येतं, पण रेघच बंद असेल तर ते कुणाच्या लक्षात येणार?

तेव्हा सूचनेतलं ते वाक्य काढा. त्या जागी भाषा कुठे निवडायची, कोश कसा बसवायचा आणि 'कखगघ' लिहून कसं तपासायचं, एवढं छापा. पुढचं काम मंडळाने करावं. लिबरऑफिसमधला वापरणाऱ्याचा स्वतःचा कोश म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, ती सगळ्या लेखकांना पाठवता येते. त्या कोशाची भाषा मराठी ठेवली, तर आवृत्ती ६.० पासून नवा शब्द टाकताना तो कोणत्या शब्दासारखा चालतो हेही सांगता येतं. 'आकुर्डी' ही 'नदी'सारखी, असं एकदा नोंदवलं आणि मूळ कोशात नदीचे प्रत्यय नीट असले, की 'आकुर्डीला'साठी वेगळी नोंद नको. गावं, आडनावं, 'फिक्श्चर' नि 'टूलरूम'सारखे कारखान्यातले शब्द, सगळं त्यात जाऊ दे.

एवढं करूनही 'महाराष्ट्र दिन'चा 'महाराष्ट्र दीन' झाला तर स्पेलचेक मान डोलावेल, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. त्यासाठी मुद्रितं वाचणारी माणसं लागणारच. म्हणून तर त्यांचा वेळ 'आणी' आणि 'परिक्षा' खोडण्यात घालवू नये.